मालतीताईंचा दुसरा अहवाल

मी बनारसला बदलून गेलो त्याच आठवड्यात मालतीताई पौराणिकांनी मला प्रयोगशाळेतून बाहेर काढलं होतं. त्यांच्या टेबलावर धुवट पंच्याच्या तुकड्यावर बांगडीएवढं एक पांढरं, गुळगुळीत कडं ठेवलेलं होतं. मी ते सहज बघायला म्हणून उचललं.

"खाली ठेवा," त्या म्हणाल्या. "आणि बाहेर नळावर जाऊन हात धुऊन या. साबणानं."

मी पस्तिशीचा, नागपूरहून बढतीवर आलेला इंजिनिअर. पण त्या आवाजात राग नव्हता, नुसती खात्री होती, म्हणून मी मुकाट्यानं गेलो. परत आलो तेव्हा त्यांनी ते कडं स्पिरिटनं पुसून पुन्हा जागेवर ठेवलं होतं. मग त्यांनी मला समजावून सांगितलं. ते सिरॅमिकचं होतं. इंजिनाच्या पाणीपंपात ते कार्बनच्या दुसऱ्या कड्याला चिकटून फिरतं, आणि दोघांची तोंडं इतकी सपाट असतात की मधून पाणी निसटत नाही. त्या तोंडाला बोटाचा तेलकटपणा किंवा धुळीचा कण लागला की झालं, पंप गळायला लागतो.

"चहाच्या कुल्हडाचंच भावंड आहे हे, देशपांडेजी. भाजून केलेलं. पाडलं तर कुल्हडासारखं फुटेल. पण घासून झिजायचं नाही."

देशपांडेजी. महाराष्ट्रात मला कुणी असं म्हटलं नव्हतं. मालतीताईंची मराठी घरातली, जुनी, आणि तिच्यात हिंदी इतकी मिसळलेली की त्यांना स्वतःला तो जोड दिसत नसे. "जल्दी काय आहे, आधी नाश्ता तर करा," असं त्या अगदी सहज म्हणत. त्यांच्या घराण्याला बालाजी घाटाजवळच्या गल्लीत येऊन किती पिढ्या झाल्या हे त्यांना नक्की सांगता येत नसे. वडील देवळात पुराण सांगत, आजोबाही तेच करत. मालतीताई मात्र विद्यापीठात रसायनशास्त्र शिकल्या आणि आमच्या कार्यशाळेत नोकरीला लागल्या.

कार्यशाळा शहराबाहेर होती. मोठी डिझेल इंजिनं तिथे दुरुस्तीला येत. एका टोकाच्या दोन खोल्यांत मालतीताईंची प्रयोगशाळा. इंजिनात जे तेल घालायचं आणि इंजिनातून जे तेल निघायचं, ते दोन्ही त्यांच्या हातून जाई. रबराच्या कड्या, सीलं, गास्केटं हेही त्यांच्याकडेच. कामगार त्यांना बहिनजी म्हणत. अंगानं किरकोळ, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, सुती साडीवर एप्रन. एप्रनच्या खिशात नेहमी लवंगा. चहाच्या वेळी त्या एक स्वतः तोंडात टाकत आणि एक समोरच्याला देत, मग समोर साहेब असो की झाडूवाला.

तेलाची बाटली आली की त्या आधी झाकण काढून वास घेत. मग दोन बोटांत थेंब चोळून बघत. मग तापलेल्या पत्र्यावर एक थेंब सोडत. तडतडला तर तेलात पाणी शिरलंय. मग टीपकागदावर एक थेंब टाकून तो कागद दोरीवर चिमट्यानं लटकवत. दिवसअखेरीला ती दोरी अशा कागदांनी भरून जायची, आणि प्रत्येक कागदावर काळी, करडी, पिवळसर वर्तुळं उमटलेली असायची. त्या वर्तुळांवरून कुठलं इंजिन थकलंय हे त्या सांगत. "आधी नाक, मग मशीन," असं त्यांचं म्हणणं.

मशीन नंतर आलं. तेलात कुठला धातू किती आहे हे ते यंत्र काही मिनिटांत सांगे. लोखंड वाढलं तर काय झिजतंय, तांबं वाढलं तर काय झिजतंय, ते कळायचं. यंत्रासाठी खोली थंड ठेवावी लागे, आणि साऱ्या कार्यशाळेत वातानुकूलित अशी तेवढीच खोली होती. मे महिन्यात सगळ्या अधिकाऱ्यांना एकाएकी तेलाची काळजी वाटू लागे. मालतीताई कुणाला अडवत नसत. फक्त चपला-बूट दाराबाहेर काढायला लावत आणि आत बोलू देत नसत. श्रीवास्तवसाहेब आमचे सगळ्यांचे वरिष्ठ. तेही मोज्यांवर, हात पाठीमागे बांधून, देवळात उभं राहावं तसे तिथे उभे राहत.

माझी बायको आणि मुलगा पहिली दोन वर्षं शाळेमुळे नागपूरलाच राहिले. मी बालाजी घाटाच्या अलीकडच्या गल्लीत खोली घेतली होती, त्यामुळे संध्याकाळचा चहा बहुतेक पौराणिकांकडेच व्हायचा. मालतीताई आणि त्यांचे वडील अण्णा, दोघंच घरात. मालतीताईंनी लग्न केलं नव्हतं. त्याबद्दल त्या घरात कधी खंतही ऐकली नाही आणि मोठेपणाही. अण्णांची दृष्टी बरीच गेली होती, पण देवळातलं पुराण चालू होतं, कारण पोथी त्यांना पाठच होती.

मुलगी घरी आली की अण्णा रोज एकच विचारत, "मालू, आज काय सापडलं?" आणि मालतीताई खरोखर सांगत. हात-पाय धुऊन, चहा ठेवता ठेवता, त्या दिवसाचं तेल अण्णांना समजावत. सिलिकोन म्हणजे काय हे मी इंजिनिअर असून पहिल्यांदा त्या स्वयंपाकघरात नीट समजून घेतलं. वाळूत असतो तोच सिलिकॉन, पण रसायनशाळेत त्याची अशी साखळी विणतात की त्याचं कधी तेल होतं, कधी मलम, कधी उन्हाला आणि उष्णतेला न जुमानणारं रबर. अण्णांना याचं फार कौतुक वाटे. गंगेपलीकडच्या वाळूचं रबर होतं, हे त्यांनी एकदा पुराणात श्रोत्यांनाही सांगून टाकलं होतं.

एकदा मालतीताई त्यांना सांगत होत्या की इंजिनाच्या तेलाला फेस येऊ नये म्हणून तेल करणारेच त्यात सिलिकोन घालतात, अगदी नावाला. अण्णांनी विचारलं, नावाला म्हणजे किती? मालतीताईंच्या हातात फोडणीची पळी होती. "हिंगाएवढं," त्या म्हणाल्या. "त्याहूनही कमी. आणि जास्त झालं की उलटंच होतं, तेल हवा धरून बसतं."

त्यानंतर आमटीत हिंग जास्त झाला की अण्णा म्हणत, "मालू, आज फेस येणार."

हे सगळं असंच चाललं असतं आणि मी मालतीताईंना एक हुशार, थोड्या विक्षिप्त बाई म्हणून लक्षात ठेवलं असतं. पण मग हबीब मिस्त्रींचं प्रकरण झालं.

हबीब मिस्त्री इंजिनाचे हवेचे फिल्टर बसवत. घरचे सगळे मदनपुरा मोहल्ल्यात मागावर बनारसी साड्या विणणारे, हे एकटे लोखंडात आलेले. वीसेक वर्षांची नोकरी. फिल्टर बसवून झाला की ते डोळे मिटून त्याच्या कडेवरून बोट फिरवत, कुठे फट राहिली का बघायला. फिल्टर नीट बसला नाही तर हवेबरोबर धूळ आत जाते, धूळ म्हणजे वाळू, आणि वाळू इंजिन आतून खाते. हे हबीबना कुणी शिकवायची गरज नव्हती.

त्या हिवाळ्यात लागोपाठ तीन इंजिनांच्या तेलात सिलिकॉन वाढलेला निघाला. थोडा नव्हे, चांगलाच. मालतीताईंनी अहवाल लिहिला: तेलात सिलिकॉन जास्त, इंजिनात धूळ जात असावी, हवेचे फिल्टर तपासावेत. असं त्यांनी याआधीही अनेकदा लिहिलं होतं. तिन्ही इंजिनांचे फिल्टर हबीबनी बसवलेले होते. वरून कुणीतरी जाब विचारला, श्रीवास्तवसाहेबांना उत्तर द्यायचं होतं, आणि दोन दिवसांत हबीब मिस्त्री निलंबित झाले. निलंबनाच्या कागदाला मालतीताईंचा अहवाल टाचलेला होता.

जाण्याआधी हबीब प्रयोगशाळेच्या दाराशी आले. मी आतच होतो. ते उंबऱ्याच्या बाहेरच उभे राहिले. चपला मात्र त्यांनी काढल्या होत्या.

"बहिनजी, आपने लिखा है तो सोच-समझकर ही लिखा होगा," ते म्हणाले. "पर फिल्टर मैंने अपने हाथ से बैठाया था."

एवढंच बोलून ते गेले. दुपारी मालतीताईंनी डबा उघडला नाही, हे मी पाहिलं.

त्या संध्याकाळी अण्णांनी नेहमीचा प्रश्न विचारला आणि मालतीताई पहिल्यांदाच म्हणाल्या, "आज काही नाही सापडलं, अण्णा." मग अण्णांनी मला विचारलं. मी सगळं सांगितलं. ते ऐकत असताना मालतीताई पाठमोऱ्या उभ्या होत्या.

अण्णा म्हणाले, "मालू, तो तुमचा सिलिकॉन वाळूतही असतो आणि रबरातही असतो, असं तूच सांगितलंस ना?"

"हो."

"मग यंत्राला कसं कळतं, हा वाळूतला की रबरातला?"

"यंत्राला नाही कळत. त्याला नुसता सिलिकॉन दिसतो."

"म्हणजे शब्द एक आणि अर्थ दोन." अण्णा खुलले. हा त्यांचा प्रांत होता. "हरी झाडावर चढला, असं मी म्हटलं तर तू कुणाला बघायला जाशील?"

"माकडाला." संस्कृतात हरी म्हणजे माकडही, हे त्यांनी लहानपणापासून अण्णांकडून ऐकलेलं होतं.

"आणि हरी शेषावर निजला म्हटलं तर?"

मालतीताई वळल्या. अण्णा म्हणाले, "हरी तोच. तू त्याचा शेजार बघितलास. त्या कागदावर सिलिकॉनच्या शेजारी काय होतं?"

मालतीताईंनी गॅस बंद केला. चहा तसाच राहिला. त्या पाटावर बसल्या आणि आठवून आठवून आकडे सांगू लागल्या, आम्हाला नव्हे, स्वतःलाच. धूळ आत गेली असती तर सिलिकॉनबरोबर ॲल्युमिनियमही वाढलं असतं, कारण मातीत ते दोघं बरोबर असतात. धुळीनं घासून लोखंड आणि क्रोमियमही वाढलं असतं. यातलं काहीच वाढलं नव्हतं. सिलिकॉन एकटाच वर गेला होता. हे त्यांनी अहवाल लिहितानाही पाहिलं होतं, पण वाचलं नव्हतं.

"मी सवयीनं लिहिलं, अण्णा," त्या म्हणाल्या.

अण्णांनी त्यांची समजूत घातली नाही. "उद्या जाऊन नीट वाच," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मालतीताई सकाळीच जुळणीच्या शेडमध्ये आल्या आणि अलीकडे काय बदललं हे एकेका मिस्त्रीला विचारत फिरल्या. त्यांना फार फिरावं लागलं नाही. पूर्वी इंजिनाच्या तळाचं झाकण बसवताना बुचाचं गास्केट लावत. दोन महिन्यांपूर्वी त्याऐवजी नळीतून येणारी लाल सिलिकोन पेस्ट आली होती. लावली की काही वेळात तिचं रबर होतं. ती मागवायच्या कागदावर माझीच सही होती. मालतीताईंनी नळी उघडली, वास घेतला. "सिरका," त्या म्हणाल्या. सुकताना ती पेस्ट खरोखरच सिरक्यासारखा, व्हिनेगरसारखा वास मारायची. मिस्त्री ती सढळ हातानं लावत होते, बोटाएवढी जाड. नळीवर कसं लावायचं ते छापलेलं होतं, पण ती भाषा शेडमधल्या कुणाला वाचता येत नव्हती.

मालतीताईंनी दोन बाटल्यांत कोरं तेल घेतलं, एकीत लाल पेस्टचा वाटाण्याएवढा गोळा टाकला आणि दोन्ही बाटल्या भट्टीत तापत ठेवल्या. चार दिवसांनी तपासलं. पेस्टवाल्या तेलात सिलिकॉन चढला होता, एकटाच. दुसऱ्या बाटलीत काही नाही.

पण तेवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. तिन्हींपैकी एक इंजिन अजून कार्यशाळेतच होतं, रवाना व्हायच्या बेतात. त्याचा तळ उघडा, असं त्यांनी श्रीवास्तवसाहेबांना सांगितलं. साहेब वैतागले. तयार इंजिन उघडायचं म्हणजे दोन दिवस वाया. मालतीताई खुर्चीत बसून राहिल्या आणि साहेबांनी हो म्हणेपर्यंत उठल्या नाहीत.

तळाचं झाकण उघडलं तेव्हा आम्ही सगळे भोवती होतो. तेल खेचून घेणाऱ्या नळीच्या तोंडाशी जाळी असते. त्या जाळीवर लाल रबराचे धागे आणि तुकडे चिकटले होते. बोटाएवढ्या जाड पेस्टमधलं जे दाबून आतल्या बाजूला आलं होतं, ते सुटून तिथे जमलं होतं. निम्मी जाळी बुजलेली. आणखी थोडे दिवस चाललं असतं तर इंजिनाला तेल मिळालं नसतं आणि ते भर वाटेत जाम झालं असतं. साहेबांनी वाकून पाहिलं, आणि मग बाकीची दोन इंजिनं परत बोलवायला स्वतः फोनकडे गेले.

मालतीताईंनी दुसरा अहवाल लिहिला. त्याचं पहिलं वाक्य होतं: माझा आधीचा अहवाल चुकीचा होता. पुढे लिहिलं होतं की हबीब मिस्त्रींच्या कामात कोणताही दोष आढळलेला नाही. कारण त्यानंतर दिलं होतं.

श्रीवास्तवसाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी दार लावून घेतलं आणि समजुतीच्या सुरात सांगितलं की पहिलं वाक्य गाळलं तरी चालेल. नव्या तपासणीत असं दिसून आलं, एवढं पुरे आहे, मिस्त्री परत येईलच. मालतीताईंच्या बढतीचे कागद नुकतेच वर गेलेले होते, याची त्यांनी आठवण करून दिली. मी पेस्टच्या खरेदीबद्दल उत्तर द्यायला तिथे बसलो होतो, आणि खरं सांगायचं तर साहेबांचं म्हणणं मला पटत होतं.

मालतीताई म्हणाल्या, "साहब, उसका नाम मेरे लिखे से कटा है. मेरे लिखे से ही वापस आना चाहिए."

वाक्य तसंच राहिलं. हबीब मिस्त्री पुढच्या सोमवारी कामावर रुजू झाले. मालतीताईंची बढती त्या वर्षी झाली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. नंतर झाली. त्या मधल्या काळाबद्दल त्यांच्या तोंडून मी कधी एक शब्द ऐकला नाही. लाल पेस्टही त्यांनी बंद करू दिली नाही. वस्तू चांगली आहे, हात आवरायला हवा, असं म्हणत त्यांनी सगळ्या मिस्त्रींना उभं करून तांदळाच्या दाण्याएवढी बारीक रेघ कशी ओढायची ते स्वतः करून दाखवलं, आणि भिंतीवर मोठ्या हिंदी अक्षरांत कागद लावला: कम लगाइए.

हबीब कामावर येण्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, त्या मला घेऊन मदनपुऱ्यात गेल्या. खटक-खटक माग चालू असलेल्या खोलीतून आम्ही आत गेलो. हबीब गडबडून उठले. त्यांची म्हातारी आई खाटेवर बसून धागा उकलत होती. तिनं मालतीताईंकडे नीट पाहिलं आणि मुलाला विचारलं, "यही हैं जिन्होंने लिखा था?"

मालतीताईच म्हणाल्या, "हाँ अम्मा, मैंने ही लिखा था. गलत लिखा था."

म्हातारीचा हात थांबला. तिनं थोडा विचार केला. मग खाटेवरचा धागा बाजूला सरकवून जागा केली. "बैठो," ती म्हणाली. "चाय पियोगी?"

आम्ही तासभर बसलो. मालतीताईंनी हबीबच्या भावांना रेशमाला गोंद कुठला लावता, तो उन्हाळ्यात कसा वागतो, असं इतकं विचारलं की शेवटी धाकटा भाऊ त्यांना मागाखालच्या खड्ड्यात उतरवून दाखवायला लागला. निघताना लवंगा सगळ्यांच्या हातावर पडल्या.

घरी आलो तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते, अण्णा वाट बघत बसले होते. त्यांनी विचारलं, "त्यांनी चहा दिला का?"

"दिला."

"मग झालं," अण्णा म्हणाले, आणि जेवायला वाढायला सांगितलं.

मी बनारसमध्ये एकूण अकरा वर्षं काढली. पुढे बायको-मुलगा तिथे आले, मुलगा आमच्याशी हिंदीत भांडायला लागला, मग माझी पुन्हा बदली झाली. अण्णा गेल्याचं पत्रानं कळलं. मालतीताई निवृत्त झाल्या, पण गल्ली सोडून कुठे गेल्या नाहीत.

बऱ्याच वर्षांनी, स्वतः निवृत्त झाल्यावर, मी बायकोसह बनारसला गेलो. मालतीताई पंचाहत्तरीच्या पुढे होत्या. चष्मा नवा होता. खिडकीत काचेच्या बरण्या ओळीनं ठेवलेल्या होत्या आणि प्रत्येकीत तेल. हल्ली नावाडी त्यांच्याकडे येतात, हे तेव्हा कळलं. घाटावरच्या बहुतेक होड्यांना आता डिझेल इंजिनं होती, आणि कुणीतरी विक्रेता त्यांना सिरॅमिकची पांढरी पूड मिसळलेलं औषध विकत होता. तेलात ओतलं की इंजिन पुन्हा नवं होतं म्हणे.

मी म्हटलं, लबाडीच असेल ही.

"नाही हो," मालतीताई म्हणाल्या. "पूड सच्ची आहे. चांगली निसरडी आहे, मी बोटांत चोळून बघितली. पण ती तेलात तरंगत राहायला हवी ना? ही बघा." एका बरणीच्या तळाशी पांढरा थर शांत बसलेला होता. "आठ दिवसांत खाली. असंच इंजिनात बसणार. बच्चूला मी लेक्चर नाही दिलं. बरणी दाखवली. त्यानं बाटली परत केली."

बच्चू म्हणजे त्यांच्या ओळखीचा नावाडी, चाळिशीचा, हसतमुख. त्याच्या इंजिनाचं तेल-सील त्यांनी आदल्या दिवशी स्वतःसमोर बदलून घेतलं होतं, काळ्या साध्या रबराऐवजी उष्णता सोसणारं. आता ते गळतं का हे बघायला त्या त्याच्याबरोबर पलीकडच्या वाळूपर्यंत जाऊन येणार होत्या. आम्हालाही चला म्हणाल्या, पण बायकोचा गुडघा दुखत होता. आम्ही पायऱ्यांवर बसलो.

हिवाळ्यातली दुपार होती. ऊन उबदार होतं. मालतीताई साडीचा ओचा खोचून, बच्चूच्या हाताला धरून होडीत चढल्या आणि मागे इंजिनाजवळ बसल्या. होडी प्रवाहाला लागली. इंजिनाचा आवाज एकसारखा येत होता. बच्चू त्यांना काहीतरी सांगत होता, त्या मान हलवून नाही म्हणत होत्या, तो पुन्हा सांगत होता. मग तो उठून बाजूला झाला आणि मालतीताई सरकून त्याच्या जागी बसल्या.

सुकाणू त्यांच्या हातात आलं. होडी जरा तिरकी गेली, मग थोडी उलट्या बाजूला वळली. बच्चू हात बांधून हसत उभा होता, मदतीला आला नाही. काही क्षणांत होडी सरळ झाली आणि वाळूच्या दिशेनं निघाली.